नकाराचं खरं कारण

नकार देऊन झाला होता. आता त्याचं खरं कारण तेवढं सांगायचं राहिलं होतं.

मर्व्ह होडीचं इंजिन बघायला धक्क्यावर गेला, तशी नोलीनने दार लोटून घेतलं आणि होबार्टच्या कार्यालयाला फोन लावला. दक्षिणेकडच्या सीलहेड बेटावर सहा-सहा महिन्यांसाठी एकेक जोडपं देखभालीला पाठवायचं काम हे कार्यालय बघायचं. हवामानाच्या नोंदी कळवायच्या, गवत कापायचं, दीपगृहाशेजारच्या जुन्या घरांची डागडुजी करायची. तिसरं माणूस नाही. समुद्र खवळला तर हेलिकॉप्टरसुद्धा आठवडा-आठवडा फिरकत नाही. ढीगभर अर्जांतून यंदा नोलीन आणि मर्व्हची निवड झाली होती, आणि नोलीनने नवऱ्याला न विचारता परस्पर नाही म्हणून कळवलं होतं.

"टेगन, मी नोलीन हॅरप बोलतेय."

"हां, बोला नोलीन. बऱ्या आहात ना?" टेगनचा आवाज तरुण होता, पण त्यात घाई नव्हती.

"मला काय धाड भरलीय! तू म्हणाली होतीस ना, नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कारण विचारता, अगदी खरं काय ते सांगा म्हणून? मी तेव्हा गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. ते खोटं होतं, पोरी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांगा. मी ऐकतेय."

नोलीनने मनाचा हिय्या केला. "तुमच्या कामात काही खोट नाही. पगार, घर, सगळं ठीक. खोट आमच्यात आहे. मर्व्ह विसरायला लागलाय."

एकदा तोंडातून निघाल्यावर मग तिला थांबवेना.

"अगदी साध्या गोष्टी गं. बाहेर जाताना गॅसची टाकी बंद करून जातो आणि आल्यावर चालू करायचं विसरतो. मी इथे चहासाठी काड्या ओढत बसते. गाडीची किल्ली कुठे ठेवलीय, पत्ताच नाही. विचारलं की नुसता हसतो. मध्ये डॉटी आली होती. शेजारची, जन्म गेला आमचा एकमेकींकडे साखर मागण्यात. तर हा मला सांगतो, 'नोलीन, ही डॉटी, शेजारची.' मला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉटी बिचारी खाली मान घालून बसली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ये गं बाई म्हटलं, केक कापला. चारचौघांत नवऱ्याचं हसं कशाला करू?"

नोलीनने खिडकीतून पाहिलं. मर्व्ह होडीवर वाकला होता. मधेच मान वळवून तो घराकडे बघत होता.

"आणि आताशा बाहेर टिकत म्हणून नाही. मासे धरायला जातो आणि गेल्या पावली परत. काय तर म्हणे, आमिष घरी राहिलं. आमिष त्याच्या डब्यातच!" ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "त्या बेटाचा त्याला केवढा ध्यास होता, माहितीय? लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. गेल्या वर्षी अर्ज भरला त्या दिवशी स्वयंपाकघरात मला धरून नाचला, या वयात. आणि आता मी बेटाचं नाव काढलं की बघत राहतो नुसता. म्हणतो, राहू दे गं, चहा घेतेस? म्हणजे तेसुद्धा विसरला बघ."

नोलीनला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

"डॉक्टरांशी बोललात का?" टेगनने विचारलं.

"मर्व्हच नेतो की मला. गुडघ्यांसाठी. पण डॉक्टरांशी बोलत बसतो तोच, मी आपली बाहेर. मी म्हटलं, बरंय, कुणापाशी तरी मन मोकळं करतोय." तिने नाक पुसलं. "त्या बेटावर चहूबाजूंनी उंच कडे आहेत गं. धुक्यात बाहेर पडला आणि घराची वाटच विसरला, तर मी कुणाला हाक मारू? त्याच्या त्या बेटापायी मी त्याला गमावणार नाही. रागावू दे हवं तर."

नोलीनने आवाज खाली आणला.

"माझं एक काम कर. त्याला कळवशील तेव्हा जागा दुसऱ्या कुणाला दिली म्हणून कळव. विसरण्याचा विषय अजिबात नको. भारी मानी माणूस आहे. मला कळलंय हे त्याला कळलं, तर खचेल तो."

"नाही कळू देणार."

"तसं नाही. शब्द दे मला."

बाहेर पायऱ्यांवर मर्व्हचे बूट वाजले. नोलीनने फोन कानाशी घट्ट धरला. "लवकर बोल पोरी, आला तो."

"दिला, नोलीन," टेगन हलक्या आवाजात म्हणाली. "काल दिला, परवा दिला, तसाच आजही दिला."