फ्रेमबाहेरचा माणूस

मयुरेशने फोटोची डावी बाजू कापून टाकली आणि लॅपटॉप वडिलांकडे वळवला.

"बाबा, हे बघा. हंटर जेट! तुमच्या काळातलं."

वासुदेवरावांना जर्मनीत ब्योब्लिंगेनला मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले होते. हवाई दलात त्यांनी पंधरा वर्षं विमानांची देखभाल केली होती, पण घरात विमानांचा विषय निघाला की ते चहा टाकायला उठत. मुलाचं नेमकं उलटं. सोमवार ते शुक्रवार झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मोटारी आणि सुट्टीच्या दिवशी जुनी लढाऊ जेट. त्याच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, असे बावीस वेडे होते. विमानाचा हिरवा नेमका कुठला हिरवा, यावर ते दोन-दोन तास वाद घालत. घरी बायकोने पडदे बदलले असते तर महिनाभर कळलं नसतं. जुने फोटो एकमेकांना पाठवायचे, साफसूफ करायचे आणि वर्षाअखेर त्यांतल्या बारांचं कॅलेंडर काढायचं, हा त्यांचा उद्योग. अध्यक्ष हेर क्रेमर यांचा नियम एकच, पण कडक. विमान दिसलं पाहिजे, माणसं नकोत. कॉकपिटमधला पायलट चालेल, जमिनीवरचे सगळे कापायचे.

वासुदेवराव सवयीने चहासाठी उठले होते. विमानाचा नंबर वाचला आणि ते पुन्हा खाली बसले.

"हा कुठून आला?"

"ग्रुपवर एका रिटायर्ड ऑफिसरने टाकलाय. त्यांची बदली झाली होती, निघताना आठवण म्हणून काढला म्हणे. मागे तारीखपण लिहिलीय, चौदा मार्च एक्क्याऐंशी, सकाळ. गेनाऊ, अगदी असंच हवं असतं आम्हाला. आणि पायलट बघा ना, कसला मस्त हात हलवतोय!"

त्या सकाळी ते विमान एकदाच उडालं होतं. परत आलं नव्हतं. फ्लाइट लेफ्टनंट वर्तक त्यातून बाहेर पडू शकले नाहीत.

पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटमध्ये पाच सेफ्टी पिना असत. उड्डाणाआधी त्या काढायच्या. एक जरी राहिली तरी सीट सुटत नाही. त्या काढायचं काम वासुदेवचं होतं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. चौकशीत त्याला विचारलं, किती काढल्या? तो म्हणाला, पाच. रोज पाचच काढायच्या असत, म्हणून तो पाच म्हणाला. त्या सकाळचं त्याला काहीही आठवत नव्हतं. अपघाताच्या धावपळीत काढलेल्या पिनांची पिशवीही कुठे गेली, ती सापडली नाही. विमान फार खाली होतं, सीटला वेळच मिळाला नाही, असा चौकशीचा निकाल लागला. वासुदेव निर्दोष सुटला. सगळ्यांच्या लेखी. पण चार की पाच, हे तो चव्वेचाळीस वर्षं स्वतःला विचारत आला होता. बायकोलाही त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"समोरचा माणूस कुठाय?" वासुदेवरावांनी विचारलं.

"कोण समोरचा?"

"विमानासमोर एक माणूस असणारच. कापलास तू त्याला?"

"हो, कापला. पाठमोरा होता कोणीतरी. क्रेमरला नाही चालत हो."

"परत आण."

बाबांचा असा आवाज मयुरेशने कधी ऐकला नव्हता. त्याने मुकाट्याने एक बटण दाबलं. कापलेली बाजू परत आली. ढगळ्या पोशाखातला एक किडकिडीत तरुण विमानाकडे तोंड करून उभा होता. आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसते, पण तिथे कोण उभं होतं हे वासुदेवरावांना विचारायची गरज नव्हती.

"अरे बापरे," मयुरेश हळूच म्हणाला. "तुम्ही?"

"माझा हात मोठा कर."

हात मोठा केला. काही उपयोग झाला नाही. मूठ छातीसमोर धरलेली होती आणि मध्ये खांदा आला होता. मुठीत काय होतं, किती होतं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आपल्याच पाठीने आपल्याला दगा द्यावा! वासुदेवरावांना रडू यायचंच बाकी राहिलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि कॉकपिटकडे पाहिलं. मग ते पुढे सरकले, पार स्क्रीनला नाक लागेपर्यंत.

"साहेबांचा हात दाखव. अजून मोठा."

मयुरेशने दाखवला. हातमोजा घातलेला पंजा. स्थिर.

"हात हलवत नाहीयेत रे ते," वासुदेवराव म्हणाले. "आम्ही पिना काढून समोर उभं राहून दाखवायचो. पायलट त्या स्वतः मोजायचा. जेवढ्या दिसल्या तेवढी बोटं वर करायचा, मगच विमान हलायचं, पण घाईत कधीकधी हे राहूनही जायचं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तू मोज."

मयुरेशने स्क्रीनवर एकेका बोटाला हात लावून मोजलं. अंगठ्यापाशी थांबून त्याने तो आणखी मोठा करून पाहिला.

"पाच," तो म्हणाला. "अंगठाही उघडा आहे, बाबा. पाच."

वासुदेवरावांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मयुरेशचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला.

"म्हणजे चौकशीत," ते म्हणाले, "मी खरंच बोललो होतो."