दोन गट

थंड झालेला चहा. खारघरची बंद खिडकी. आतल्या खोलीत एकटीच खेळणारी छोटी मनस्वी. लॅपटॉपवर कंपनीच्या नेटवर्कवर आज कोण कुठून काम करतंय, त्याचे दोन गट: 'ऑफिस' आणि 'घरून'.

तेजश्रीने स्वतःचं नाव पुन्हा 'घरून'मध्ये टाकलं. ते आपोआप पुन्हा 'ऑफिस'मध्ये गेलं.

तिने महाप्याच्या ऑफिसात फोन लावला. "स्वराज, माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"काय मॅडम, मस्करी करता? तुमीच बसलाय की समोर. हसताय."

"उठव तिला! प्लीज, उठव!"

रडत रडत तिने नाव परत 'घरून'मध्ये ओढलं. या वेळी ते तिथेच राहिलं.

"आयला," स्वराज म्हणाला, "खुर्ची रिकामी!"

जरा वेळाने आतल्या खोलीत मनस्वी खिदळली. "आई, अजून एक फुगडी!"

सोमवारपासून तेजश्रीच्या दोन्ही पायांना प्लास्टर होतं.