आंब्याखालचं गवत

कोलशेतच्या त्या सोसायटीत आंब्याच्या सावलीत गवत विरळच यायचं. पण तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या हेमाताईंच्या खिडकीसमोर मात्र बरोब्बर दोन पावलांच्या आकाराचं टक्कल पडलं होतं, बोटं खिडकीकडे.

दौलत माळ्याने फांद्या छाटल्या, माती भुसभुशीत करून नवं गवत लावलं. ते तरारलं. टक्कल मात्र अलीकडे सरकलं, खिडकीच्या जवळ. असं तीनदा झालं.

हेमाताई रोज चहा घेऊन खिडकीशी बसू लागल्या. तेवढीच सोबत. काल सवयीने म्हणूनही गेल्या, "आत या ना, चहा घ्यायला."

सकाळी दौलतने बाहेरून हाक मारली, "काकू, बघा तरी! आज कुठंच टक्कल नाही!"

हेमाताई खिडकीकडे वळल्याच नाहीत. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे गालिचा दोन पावलांपुरता झिजला होता, बोटं त्यांच्याकडे.