तंबूची जागा

कालिपाच्या नातीच्या पायांना रिवाजाप्रमाणे बांधलेली दोरी कापून तिला पहिली पावलं टाकायला लावली, त्या वर्षीची गोष्ट. नातीचा बाप बेकतूर मॉस्कोतल्या कामावरून आला होता आणि पुन्हा जायचं नाही असं म्हणत होता. बिश्केकबाहेरच्या नव्या वस्तीत त्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. अंगणात तिसरी बांधायची, शिलाईची मशिनं टाकायची आणि बायको-पोरीजवळ राहायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्याने अंगणात फक्कीची रेघ मारली. त्याची आई कालिपा मागोमाग आली आणि रबरी बुटाने ती पुसत गेली. बर्फ वितळल्यापासून हेच चाललं होतं.

"अपा, आता काय झालं?" त्याने आईला विचारलं.

"माझा तंबू कुठे उभा करशील?"

माणूस गेलं की अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा करायचा, मयत त्यात ठेवायचं, बायकांनी आत बसून रडायचं. त्यासाठी ऐन मधली जागा कालिपाने राखली होती. तिथे तिने कोबी लावू दिला नाही, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा ठेवू दिलं नाही.

सून तोलकुन कोपऱ्यावरच्या पंपावरून पाण्याचे कॅन ओढत आली. तिने ते दाणकन खाली ठेवले.

"इथे जित्या माणसांना प्यायला पाणी नाही, अपा. जेवायला बसलं की दिवे जातात. मेल्यावरची सोय मात्र चोख."

"पाणी येईल आज ना उद्या. तुझ्या सासऱ्याचा तंबू आम्ही राहायचो त्या सरकारी इमारतीखाली कचरापेटीला लागून उभा केला होता. गाडीवाले भोंगे वाजवत होते. मला तसं जायचं नाही."

बेकतूरने फक्कीचा डबा आपटला. मॉस्कोच्या मुकादमाचा काल फोन आला होता, गुरुवारच्या बसने मी परत निघतो, असं तो आईला म्हणाला. मग अंगणही तुझं आणि तंबूही तुझा. आत जाऊन त्याने पलंगाखालची बॅग ओढली. तिचा आवाज बाहेरपर्यंत आला. तोलकुनने पोरीला कडेवर घेतलं आणि तोंड फिरवलं.

 कालिपा गल्ली ओलांडून समोरच्या सापरकडे गेली. पाटाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून तिने त्याच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. सापर म्हातारा, एकटा. त्याचंही अंगण मधोमध मोकळं. कशासाठी, ते तिला विचारावं लागलं नाही. बराच वेळ दोघांची कुरकुर ऐकू येत राहिली. शेवटी सापर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या अंगणातली जागा आपल्यातला जो आधी जाईल त्याची. पण सांगून ठेवतो, मला घाई नाही."

"मला तरी कुठे आहे, मेल्या?"

परत येऊन तिने डबा उचलला आणि वाकून स्वतःच रेघ मारायला लागली. बेकतूरच्या रेघेच्या चांगली दोन हात बाहेरून.

"ती बॅग ठेव जागेवर," ती दाराकडे न बघता म्हणाली. "आणि एवढीशी खोली काय आखत होतास? चार मशिनं मावायला नकोत?"

खोली हिवाळ्याआधी झाली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गल्लीत नळ आला. त्याच आठवड्यात कालिपा वारली, सापरच्या आधी.