साथीचा आवाज

आजीच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे नातीला जे बोलायचं होतं ते तिनं एका दमात बोलून घेतलं.

"आज तालमीत सगळे हसले मला. सगळेच्या सगळे! सर म्हणाले, हे कुठलं गाणं म्हणतेयस? मी म्हटलं, आजीनं शिकवलंय. मग तर आणखीच हसले. मी नाही जाणार उद्या."

आजीनं टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मशीनवर नातीचाच पांढरा झगा होता, खालची दुमड तेवढी घालायची राहिली होती. उद्या सकाळी चर्चमध्ये नाताळची उपासना, आणि पहिलं कडवं हिनं एकटीनं म्हणायचं ठरलेलं. गाणं जुनं, गेल्या कित्येक वर्षांत कुणी काढलेलं नव्हतं. गायनमंडळाच्या सरांनाही त्याची चाल अर्धीमुर्धीच आठवत होती, म्हणून तर त्यांनी ते आजीकडून शिकून यायला सांगितलं होतं. महिनाभर आजीनं घोटून घेतलं होतं.

"तू चुकीचं शिकवलंस."

"एक सूर चुकीचा असेल तर नाव बदलीन," आजी ठसक्यात म्हणाली. "म्हण बघू."

नात फुरंगटूनच म्हणाली. आजीनं पहिल्या ओळीला मान डोलावली, दुसरीला डोलावली, आणि तिसरीला कपाळावर हात मारून घेतला.

सूर सगळे बरोबर होते. पण ती मूळ चाल नव्हती, तिच्या खालून जाणारी साथ होती. आजी आणि आजोबा चाळीस वर्षं गायनमंडळात शेजारीशेजारी उभे राहिले. आजोबा चाल गायचे, आजी खालून साथ द्यायची. आजीच्या लेखी गाणं म्हणजे तेच. महिनाभर शिकवताना तिच्या कानात दुसरा आवाजही वाजत होता, तो आपल्या एकटीलाच ऐकू येतोय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजोबांना जाऊन आठ महिने झाले होते.

"मग खरी चाल शिकव ना," नात म्हणाली. "अजून वेळ आहे."

आजीनं घसा साफ केला. तोंड उघडलं, तर साथच बाहेर आली. पुन्हा उघडलं, पुन्हा साथ. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मला नाही येत ग," ती म्हणाली. "चाल तुझे आजोबा म्हणायचे. मला कधी लागलीच नाही."

नातीचे डोळे भरले. आजीला स्वतःचा इतका राग आला, की तिनं उगाचच झगा उचलून झटकला.

"सरांना फोन करून सांग, मी आजारी आहे," नात म्हणाली. मग नाक पुसत विचारलं, "पण तू अशी अर्धवट गोष्ट शिकलीसच कशाला?"

"अर्धवट? बरी आहेस की!" आजी म्हणाली. "मीही एकदा रुसले होते, माझ्याच वाट्याला साथ का म्हणून. तर तुझे आजोबा म्हणाले, अग, येशू जन्मला त्या रात्री चाल देवदूतांची. ते आले, गायले, आणि वर निघून गेले. अंधारात खाली राहिले ते मेंढपाळ. गोठ्यापर्यंत चालायचं त्यांना होतं. ते वाटेनं काय गात गेले असतील? जेवढं लक्षात राहिलं तेवढं, खालच्या आवाजात, एकमेकांना धीर देत. ती तुझी साथ."

"आणि वरचं गाणं?"

"ते त्यांच्या कानात असणारच. नाहीतर चालले कशाच्या जोरावर?"

नात जे येत होतं तेच गुणगुणायला लागली. मेंढपाळांचं म्हटल्यावर तिला ते आता तितकंसं वाईट वाटत नसावं. पहिली ओळ तिनं हळू म्हटली. दुसरीला आवाज मोकळा झाला.

आजी सुईत दोरा ओवत होती. साथ चालली होती, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. चाळीस वर्षांत ती जागा कधी रिकामी राहिली नव्हती. आजीला ते सोसवेना. तिनं तोंड उघडलं, आणि चाल आली. आवाज चिरकत होता, वरच्या सुराला थरथरत होता, पण चाल आली. सगळी आली, वळणं घेत, एकही जागा न चुकता, जणू कुणी खिडकीबाहेरून सांगत होतं. नात डोळे मोठे करून बघत राहिली, पण शहाणी पोर, साथ काही सोडली नाही.

कडवं संपलं. आजीच्या हातातला दोरा कधीच खाली पडला होता.

"हीच! सर अर्धीमुर्धी गुणगुणत होते ती हीच!" नात ओरडली. "आजी, तुला येते की! आता मी चाल म्हणते, तू साथ दे."

"म्हण."

नात उभी राहिली. एकदम थांबली.

"पण तिसऱ्या ओळीत तू शब्दाच्या मध्येच श्वास का घेतलास? सर म्हणतात, शब्द असा तोडायचा नाही."

आजी हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"तुझ्या आजोबांना मी चाळीस वर्षं हेच सांगत होते."