स्वच्छ वलयं

बाबा सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायलाच तयार नव्हते. शेजारी त्यांची लेक उभी होती.

“हीच काचपट्टी आज पडद्यावर लावायची,” ते म्हणाले. “बघू आता तापोबा काय बोलतो ते.”

तापोबा म्हणजे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. डायनोसॉर गरम रक्ताचे होते, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणत थंड, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना थंडोबा करून टाकलं होतं. सगळं भांडण हाडांतल्या वलयांवरून. मगरी-सरड्यांची वाढ वाईट ऋतूत थांबते आणि हाडात, झाडाच्या खोडात उमटावं तसं, एक वलय उरतं. डायनोसॉरच्या हाडांतही तशी वलयं सापडत. वलय दिसलं म्हणजे रक्त थंड, या पुराव्यावर बाबांनी उभा जन्म काढला होता. तापोबांचा हेका एकच: तुमची वलयं पुसट आहेत, एकदा स्वच्छ दाखवा, भर सभेत हार मानतो. आणि आज बाबांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं.

पट्टीवरच्या प्राण्याच्या नावावर चिकटपट्टी लावलेली होती. हा नियम बाबांचाच. नाव आधी वाचलं की डोळे हवं तेच बघतात, असं ते लेकीला पहिल्या दिवसापासून बजावत आले होते. ती त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायची. तुलनेसाठी म्हणून तिने फार जुन्या हरणाचं, दगड झालेलं हाड घासून पातळ केलं आणि पट्टी भिंगाखालीच विसरली; बाबांना ती डायनोसॉरचीच वाटली. हरिण, म्हणजे चांगलं गरम रक्ताचं. त्याच्या हाडात ही वलयं बघून तिला दोन घास गोड लागेनात.

सांगावं, तर आजचा दिवस नासणार. न सांगावं, तर तिने शिकलेलं सगळं खोटं. वाटभर ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. सभागृहाच्या दारात मात्र तिला राहवेना.

“बाबा, ती चिकटपट्टी काढून बघा.”

त्यांनी काढली. वाचली. चेहरा खर्रकन उतरला. पट्टी खिशात टाकून ते सरळ आत गेले.

व्याख्यान नेहमीसारखंच झालं. शेवटी त्यांनी तीच पट्टी पडद्यावर लावली. प्राण्याचं नाव सांगितलं नाही. काय दिसतंय, एवढंच तापोबांना विचारलं.

तापोबा काठी टेकत उठले. बराच वेळ बघत राहिले.

“वलयं. अगदी स्वच्छ,” ते म्हणाले. “शब्द दिला होता. हरलो मी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं बाकांवर चढली. लेकीने मान खाली घातली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच बापाची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

बाबांनी हात वर केला. सभागृह शांत व्हायला वेळ लागला.

“बसा, तापोबा,” ते म्हणाले. “हरलो मी आहे. ते हाड हरणाचं आहे.”