हस्तिदंती खुळखुळा

"कितवा महिना?" दार उघडताच आजींनी विचारलं.

वनखात्याची ती तरुण अधिकारी गडबडली. 'घरात बाळ येणार आहे, खुळखुळा हवाय,' असं मोबाईलवरच्या जाहिरातीखाली तिनंच लिहिलं होतं. जाहिरातीत शब्द होता 'जुनं हाड'. हस्तिदंत म्हटलं की ती वेबसाइट जाहिरात काढून टाकते, एवढं आजींच्या नातवाला ठाऊक असणार.

आजींनी कपाटातून खुळखुळा काढला. पिवळसर पडलेला, कडेला बारीक बारीक खळगे.

"हे थोरल्याचे दात, हे धाकटीचे. दात येताना दोघांनी चावून चावून त्याची पार दशा केली." त्यांनी तो तिच्या हातात ठेवला. "किंमत नातवानं टाकलीय, ती सोड. मला पैसे नकोत गं. नुसता पडून राहण्यापेक्षा एखाद्या बाळाच्या तोंडात जाऊ दे."

आता तिच्यानं राहवेना. तिनं खुळखुळा टेबलावर ठेवला, शेजारी आपलं ओळखपत्र.

"आजी, मी वनखात्यातून आलेय. हस्तिदंत विकायला बंदी आहे. मोबाईलवरसुद्धा."

आजींनी ओळखपत्राकडे पाहिलंच नाही. "म्हणजे बाळ नाहीच?"

"नाही."

"अगं बाई!" त्या खुर्चीत बसल्या. खुळखुळा उचलून खळग्यांवरून अंगठा फिरवू लागल्या. "पण बंदी कशाला? आमचे हे म्हणायचे, हत्तीचे दात पडतात आणि पुन्हा येतात. आपल्या दुधाच्या दातांसारखे."

"नाही आजी. ते पार कवटीत रुतलेले असतात. काढायचे तर आधी हत्तीला मारतात."

अंगठा थांबला.

"आणि मी तो पोरांच्या तोंडात दिला," आजी हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं? स्वतःहून दिलात, असंच मी साहेबांना सांगेन. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"माझं राहू दे. याचं काय करणार?"

"असं सगळं एकत्र जमवतात आणि जाळून टाकतात. पुन्हा बाजारात जायला नको म्हणून."

"जाळतात होय."

आजींनी रुमालानं खुळखुळा पुसला. खळग्यांतूनसुद्धा नीट पुसला. मग दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"कधी ते मला कळव हं. मी येईन. अशा वेळी घरचं कुणीतरी असायला हवं."